बनवाबनवीची मुभा कुणाला?

'अशी ही बनवाबनवी' २३ सप्टेंबर १९८८ रोजी प्रदर्शित झाला. आज जे तिशीत आहेत, त्यांतल्या बहुतेकांच्या जन्माआधीचा हा चित्रपट. तरीही मराठी समजणाऱ्या कुठल्याही घरात त्यातला एखादा संवाद अर्धा म्हणा, उरलेला अर्धा समोरचा पूर्ण करतो. यात धर्म आड येत नाही. नागपुरात मोमीनपुऱ्यातली, जाफरनगरातली, घरी हिंदी-उर्दू बोलणारी मुलंसुद्धा अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांची नक्कल करताना मी पाहिली आहेत. त्यांचं मराठी शाळेतल्या पुस्तकापेक्षा या चित्रपटानं जास्त सुधारलं असेल, असं मला अनेकदा वाटतं.

अशा लाडक्या चित्रपटाबद्दल 'यात आपण कुठे आहोत?' असा प्रश्न विचारला की लोक वैतागतात. विनोदी चित्रपट आहे, हसा आणि सोडून द्या, त्यातही धर्म कशाला शोधता, असं म्हणतात. हा आक्षेप अगदीच चुकीचा नाही. पण हा प्रश्न मी या चित्रपटावर गुन्हा दाखल करण्यासाठी विचारत नाही. तो विचारायला दुसरं कारण आहे, आणि ते चित्रपटाच्या गोष्टीतच आहे.

'बनवाबनवी'ची गोष्ट मुळात घर न मिळण्याची आहे. धनंजय माने पुण्यात विश्वास सरपोतदारांकडे भाड्यानं राहतो. त्याचा भाऊ शंतनू आणि सुधीर, परशा हे मित्र त्याच्याकडे येऊन राहतात आणि सगळ्यांनाच ती जागा सोडावी लागते. पुढे लीलाबाई काळभोरांचा बंगला सापडतो, पण बाईंची अट असते की जागा फक्त लग्न झालेल्या जोडप्यांनाच देणार. मग परशाची पार्वती होते, सुधीरची सुधा होते आणि दोन खोटी जोडपी बंगल्यात राहायला येतात. पुढची प्रेमप्रकरणं, डोहाळजेवण, पकडले जाण्याची धास्ती, सगळं या एका अटीतून जन्माला येतं. वसंत सबनीसांची पटकथा आणि सचिन पिळगांवकरांचं दिग्दर्शन इतकं चोख आहे की आपण मूळ प्रश्न विसरून जातो. तो प्रश्न असा : पैसे द्यायला तयार असलेल्या, कुणाचं वाईट न केलेल्या माणसाला, तो केवळ अमुक प्रकारचा आहे म्हणून घर नाकारलं तर त्यानं काय करावं?

चित्रपटाचं उत्तर आहे, खोटं बोलावं. आणि प्रेक्षकाचं उत्तर आहे, बोल बाबा, आम्ही तुझ्या बाजूनं आहोत.

हे बाजूनं असणं सोपं नाही. जरा थांबून पाहिलं तर या चौघांनी केलेली फसवणूक साधी नाही. लीलाबाईंची भाची मनीषा आणि सुषमा या दोघी तरुण मुली सुधा आणि पार्वतीला बाया समजून त्यांच्याशी मोकळेपणानं वागतात. आजच्या नजरेनं पाहिलं तर एखाद्या मुलीला त्यात हसू येण्याऐवजी शहारा यावा. पण चित्रपट आपल्याला आधी या चौघांची अडचण दाखवतो, त्यांचा भाबडेपणा दाखवतो, त्यांचं एकमेकांवरचं प्रेम दाखवतो. त्यामुळे त्यांचं खोटं आपल्याला गुन्हा वाटत नाही, मजबुरी वाटते. शेवटी पितळ उघडं पडतं तेव्हा लीलाबाई रागावतात, मग विरघळतात, आणि प्रेक्षक त्यांच्याआधीच विरघळलेला असतो. विनोदी प्रेमकथेची खरी ताकद हीच आहे. ती माणसाला चुका करू देते आणि वर माफीही मिळवून देते.

आता गोष्ट तीच ठेवून गाव बदलू. नागपुरात दरवर्षी यवतमाळ, अकोला, बुलडाणा, चंद्रपूरहून शेकडो मुलं शिकायला, स्पर्धा परीक्षांच्या तयारीला, नोकरीला येतात. त्यांतली मुस्लीम मुलंही तशीच येतात. कुणाचे वडील तालुक्याला शिक्षक असतात, कुणाचं टायरचं दुकान असतं, कुणी जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिकून आलेलं असतं. हा मुलगा 'खोली भाड्याने देणे आहे' अशी पाटी वाचून फोन लावतो. मराठी स्वच्छ असतं, त्यामुळे सुरुवात छान होते. भाडं सांगितलं जातं, पाण्याची वेळ सांगितली जाते, संध्याकाळी खोली बघायला या असंही सांगितलं जातं. मग शेवटी प्रश्न येतो, नाव काय म्हणालात? नाव सांगितलं की क्षणभर शांतता. मग कळतं की खोली कालच गेली, किंवा मालकांचा भाचा अचानक राहायला येणार आहे, किंवा इथे सगळे शाकाहारी आहेत. मुलगा म्हणतो मी बाहेर जेवतो, तरी उपयोग नसतो. ज्यांनी हा फोन लावला आहे त्यांना यातलं एकही वाक्य नवीन वाटणार नाही. आणि ज्यांच्यावर तो लावायची वेळच आली नाही, त्यांना ही अतिशयोक्ती वाटेल. आपल्या शहरातली खरी फाळणी मला इथे दिसते.

परिणाम नकाशावर दिसतो. वर्धा रोडवरच्या मिहानमध्ये नोकरी लागलेला मुलगा आजूबाजूच्या बेसा-मनीषनगरात शोधून थकतो आणि शेवटी शहराच्या दुसऱ्या टोकाला जाफरनगरात राहायला जातो. धरमपेठ, बजाजनगरच्या ग्रंथालयात आणि शिकवणीत दिवस काढणारी मुलगी रात्री मोमीनपुऱ्यात किंवा ताजबागेत नातेवाइकांकडे परतते. मग काही वर्षांनी तीच माणसं विचारतात, तुम्ही लोक सगळे एकाच ठिकाणी का राहता?

हे केवळ नागपूरचं नाही. २००६ साली आलेल्या सच्चर समितीच्या अहवालातही मुस्लिमांना हव्या त्या वस्तीत घर भाड्यानं किंवा विकत मिळत नाही, ही तक्रार नोंदलेली आहे. कायद्याकडे जावं तर तिथेही हात रिकामेच राहतात. संविधानाचं पंधरावं कलम राज्यसंस्थेला धर्मावरून भेदभाव करायला मनाई करतं. त्याच कलमात दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, तलाव, रस्ते यांचा उल्लेख आहे, पण खासगी भाड्याच्या घराचा नाही. सहकारी सोसायटीत सभासदत्व पुरेशा कारणाशिवाय नाकारू नये, असं महाराष्ट्राचा १९६० चा सहकारी संस्था कायदा म्हणतो, पण तो विकत घेणाऱ्याच्या कामाचा, खोली शोधणाऱ्या विद्यार्थ्याच्या नव्हे. त्यातही २००५ साली सर्वोच्च न्यायालयानं अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या प्रकरणात, सभासदत्व आपल्याच समाजापुरतं ठेवण्याचा नियम मान्य केला. अमेरिका आणि ब्रिटन या दोन्ही देशांनी वंशावरून घर नाकारण्याला कायद्यानं बंदी घातली ती १९६८ साली, म्हणजे 'बनवाबनवी'च्या वीस वर्षं आधी. कायद्यानं तिथला भेदभाव संपला असं नाही, पण निदान तो बेकायदेशीर तरी ठरला. आपल्याकडे अजून तो 'मालकाची मर्जी' या गोड नावानं वावरतो.

तर मग या मुलानं धनंजय मानेंचा मार्ग धरला तर? फोनवर दुसरंच नाव सांगितलं, दारावर दुसऱ्या आडनावाची पाटी लावली, तर? परशानं साडी नेसण्यापेक्षा हे कितीतरी लहान खोटं आहे. पण यावर कुणी हसेल का? इथेच माझा मुद्दा येतो. परशाची पार्वती होते तेव्हा ती बनवाबनवी ठरते. मुस्लीम मुलगा स्वतःचं नाव बदलून सांगतो तेव्हा ते कारस्थान ठरतं. त्यात बंगल्यात एखादी मनीषा असेल आणि ती त्याच्या प्रेमात पडली, तर विचारायलाच नको. आज त्यासाठी तयार शब्द आहेत, मोर्चे आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये तर राज्य सरकारनं आंतरधर्मीय विवाहांची माहिती घेणारी समितीच नेमली. ज्या कथानकात मानेंना चार लग्नं आणि टाळ्या मिळतात, त्याच कथानकात आपल्या मुलाला पोलीस ठाणं मिळतं.

म्हणून मी प्रतिनिधित्वाकडे मोजदाद म्हणून बघत नाही. चार नायक, चार नायिका, दोन घरमालक यांत एकही मुस्लीम नाही, हे खरं. पण पडद्यावर किती मुस्लीम आहेत, यापेक्षा पडद्यावरच्या मुस्लिमाला काय काय करण्याची मुभा आहे, हा प्रश्न मोठा आहे. त्याला चूक करता येते का? मूर्खपणा करता येतो का? प्रेमात पडून फजिती करून घेता येते का? आणि शेवटी माफी मिळते का?

या दृष्टीनं एक जुना योगायोग पाहण्यासारखा आहे. 'अशी ही बनवाबनवी'चे निर्माते किरण शांताराम. त्यांचे वडील व्ही. शांताराम यांनी १९४१ साली पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीसाठी 'शेजारी' काढला. कथा विश्राम बेडेकरांची. जिवबा आणि मिर्झा हे दोन जिवलग शेजारी, एक हिंदू, एक मुस्लीम. गावात धरण बांधायला आलेला माणूस आपल्या फायद्यासाठी त्यांच्यात फूट पाडतो. शेवटी धरण फुटतं आणि दोघे मित्र एकमेकांचा हात धरून मरतात. मराठीत केशवराव दाते जिवबा झाले आणि गजानन जागीरदार मिर्झा. हिंदी 'पडोसी'मध्ये तर कमाल केली : मुस्लीम मजहर खान हिंदू ठाकूर झाले आणि हिंदू जागीरदार मिर्झाच राहिले. फाळणीची भाषा जोर धरत होती त्या काळात पुण्यातल्या स्टुडिओनं दाखवलेली ही हिंमत आजही थक्क करते.

बापाचा चित्रपट शेजाऱ्यांचा, मुलाचा भाडेकरूंचा. दोन्हींचा विषय एकच, कुणी कुणाच्या शेजारी राहायचं. मधल्या सत्तेचाळीस वर्षांत मिर्झा मात्र गल्लीतून निघून गेला. तो कुठे गेला, याची चौकशी कुणी केली नाही, कारण तो गेल्याचं लक्षातच आलं नाही. आणि 'शेजारी'तही एक गोष्ट खटकते. मिर्झाला पडद्यावर यायचं तर ऐक्याचा धडा बरोबर आणावा लागतो आणि त्या धड्यासाठी मरावं लागतं. जिवबाही मरतो, हे मान्य. पण पुढे जिवबाच्या वंशातल्या लोकांना माने होऊन खोटं बोलायची, नाचायची, सुखी व्हायची संधी मिळाली. मिर्झाच्या वंशातले तिथेच थांबले.

त्यानंतर पडद्यावर मुस्लीम आला नाही असं नाही. तो आला की बहुतेक काहीतरी काम घेऊन येतो. दंगलीत शेजाऱ्याला वाचवणारा चाचा, दर्ग्यात गाणारा कव्वाल, पठाणी घातलेला सावकार, किंवा मग बंदूकवाला. त्याचं मराठीही ठरलेलं असतं, 'हम', 'तुम'ची फोडणी दिलेलं. महाराष्ट्रातल्या तांबोळी, मुलाणी, बागवान, अत्तार, पिंजारी, शिकलगार घरांत, कोकणातल्या मुस्लीम घरांत शेजाऱ्यांसारखंच मराठी किंवा कोकणी बोललं जातं, हे पडद्याला माहीतच नाही. शाहीर अमर शेखांच्या आवाजावर संयुक्त महाराष्ट्राच्या सभा पेटल्या, हमीद दलवाईंनी मराठीतच आपल्या समाजाशी भांडण मांडलं, तरी पडद्यावरचा मुस्लीम अजून मराठी शिकतोच आहे.

हिंदीनं हे थोडं बरं केलं. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'तला अकबर प्रेयसीच्या बापाला भर मैफिलीत छळतो, मार खातो, हसवतो, आणि शेवटी मुलगी मिळवतो. आम्हाला तो फार आवडला. पण तोही कव्वालच, आणि गोष्टीच्या शेवटी तोही जन्मानं हिंदू निघतो. 'बनवाबनवी' ज्यावरून बेतला त्या हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ च्या 'बीवी और मकान'मध्ये मेहमूद होता. म्हणजे हसवणारा मुस्लीम नट सगळ्यांना चालला, हसवणारं मुस्लीम पात्र मात्र क्वचितच लिहिलं गेलं.

मराठीत मला खरा आनंद दिला तो 'सैराट'मधल्या सल्यानं. २०१६ साली नागराज मंजुळेंनी परशाला दोन मित्र दिले, त्यांतला सलीम म्हणजे सल्या. अरबाज शेखनं ती भूमिका केली. सल्या टोपी घालून येत नाही, ऐक्यावर भाषण देत नाही, गावातल्या इतर पोरांसारखंच करमाळ्याकडचं मराठी बोलतो आणि मित्राच्या प्रेमापायी मार खातो. तो मुस्लीम आहे हे आपल्याला नावावरून कळतं आणि पुढच्या प्रसंगात आपण ते विसरतो. हे विसरणं मला फार मोलाचं वाटतं. तरीही सल्या मित्रच राहतो. प्रेम परशाचं, गाणी परशाची. सल्याला कोण आवडत होती, हे आपल्याला कधी कळत नाही.

आता कुणी म्हणेल, मग 'बनवाबनवी' पुन्हा काढू आणि त्यात पाचवा मित्र टाकू. कल्पना ऐकायला बरी आहे, पण मला भीती वाटते. तो पाचवा मित्र बिर्याणीवर विनोद करेल, डोळ्यांत सुरमा घालेल, आणि शेवटी लीलाबाईंचे प्राण वाचवेल. म्हणजे पुन्हा कामावर हजर. मला हवा असलेला पाचवा मित्र आळशी असावा, भाडं वेळेवर न देणारा असावा, खोटं बोलताना त्याची त-त-प-प व्हावी. त्याच्या अम्मीचा गावाकडून नको त्या वेळी फोन यावा. त्यानं वऱ्हाडी ढंगात बोलावं, आणि बोलताना पुणेकरांनी त्याला नागपूरकर म्हणून हसावं, मुस्लीम म्हणून नव्हे. आम्हा नागपूरकरांना तेवढं हसून घ्यायची सवय आहे. मराठी चित्रपटाचं घर पुण्या-मुंबईतच असतं आणि तिथली भाषा शुद्ध, बाकीच्यांची गमतीची, हे आमचे हिंदू शेजारीही माझ्याइतकंच अनुभवतात. पडद्याबाहेर राहण्याचा हा सल आमचा सामाईक आहे.

पण लीलाबाईंकडे बोट दाखवताना आपल्या गल्लीकडेही पाहिलं पाहिजे. आपल्या वस्तीतले घरमालक काय करतात? एकट्या नोकरदार मुलीला खोली देतात का? घटस्फोटित बाईला? तृतीयपंथी माणसाला? दलित कुटुंबाला? आपल्यातलाच पण दुसऱ्या जमातीचा, दुसऱ्या मसलकचा भाडेकरू आला तर कपाळावर आठी पडते की नाही? आंतरधर्मीय लग्न केलेलं जोडपं आपल्या दारात आलं तर आपण त्यांना चहा पाजू की चौकशी करू? ज्या शहरात दीक्षाभूमी आहे, त्या शहरात हे प्रश्न आपल्याला सुटले असं समजायचं कारण नाही. नाव विचारून दार लावणाऱ्यांना जाब विचारायचा असेल, तर आपलं दार आधी उघडं हवं. 'सैराट'मधल्या पळून आलेल्या जोडप्याला आसरा देते ती हैदराबादच्या झोपडपट्टीतली सुमनअक्का. तिच्याकडे बंगला नव्हता, पण अटही नव्हती.

विनोदी चित्रपटानं समाज बदलतो असा माझा दावा नाही. घरासाठी कायदा लागेल, आणि भाडं देणाऱ्याला धर्म-जात विचारून नाकारू नये अशी मागणी आपण सगळ्यांनी मिळून, मुस्लीम म्हणून नव्हे तर भाडेकरू म्हणून, करायला हवी. त्यात अविवाहित मुलं येतील, एकट्या मुली येतील, मांसाहारी येतील, म्हणजे शहरात नवं आलेलं जवळजवळ प्रत्येक माणूस येईल. पण कायदा दार उघडायला लावतो, दारात उभ्या माणसाकडे बघून हसायला लावत नाही. ते काम गोष्टी करतात. ज्या माणसाच्या फजितीवर आपण पोट धरून हसलो, त्याची दुसऱ्या दिवशी भीती वाटणं कठीण असतं.

'बनवाबनवी' मी पुढच्या वेळी लागला तरी बघणार, आणि माझी मुलंही बघतील. माने, परशा, सुधीर, शंतनू यांच्याबद्दल आमच्या मनात कुठलाही आकस नाही, उलट त्यांना घर मिळालं याचा आनंदच आहे. मराठीत लिहिणाऱ्यांकडे आणि चित्रपट काढणाऱ्यांकडे, त्यांत आपल्या समाजातली नवी लिहिती मुलं-मुलीही आली, मागणं एवढंच आहे : पुढच्या गोष्टीत आम्हाला हुतात्मा करू नका, आदर्श शेजारी करू नका. एक खोली द्या, एक खोटं बोलू द्या, आणि पकडलो गेलो की बाकीच्यांना रागावता तेवढंच रागवा.